मागच्या हाउसिंगचा आवाज

पिकअपच्या मागच्या डिफरेन्शियल-हाउसिंगमधून घूं-घूं आवाज येऊ लागला की गॅरेजमध्ये तो एका भागाचा दोष ठरतो. क्राउन-पिनियन गेले, बेअरिंग गेली, नवी टाका, गाडी रस्त्यावर. मुंबईच्या दक्षिणेकडच्या थळसारख्या किनाऱ्यावर हे निदान अपुरे आहे, असे माझे म्हणणे आहे. इथल्या गाडीच्या डिफरेन्शियलला काय सोसावे लागते, हे माल पाण्यावरून रस्त्यावर आला त्या काळात ठरले. तो इतिहास बाजूला ठेवून हाउसिंग उघडली, तर दात बदलतात आणि कारण तसेच राहते. म्हणून मेकॅनिकचा पहिला प्रश्न आवाज कसा येतो हा नसावा. गाडी कुठे कुठे जाते, हे त्याने आधी विचारावे.

थळचा माल शतकानुशतके होडीने गेला. समोर खांदेरी आणि उंदेरी ही बेटे आहेत. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली, तेव्हा इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या आरमाराला तोंड देत माणसे, धान्य आणि बांधकामाचे सामान पाण्यावरूनच न्यावे लागले. लगेच 1680 च्या आरंभी सिद्दीने उंदेरी बळकावली, तीही गलबतांच्याच जोरावर. पुढे मुंबई फुगत गेली, 1875 मध्ये ससून गोदी उभी राहिली, पण त्या बाजारपेठेकडे जाणारी जवळची वाट समुद्राचीच राहिली. जमिनीवर उरली ती बैलगाडी, आणि बैलगाडीला डिफरेन्शियल कधी लागलाच नाही. तिचा आस जागचा हलत नाही. दोन्ही चाके त्यावर आपापली फिरतात, वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी, आणि एकाचे दुसऱ्यावाचून अडत नाही. चाकानेच गाडी पुढे रेटायची वेळ आली तेव्हा मात्र पेच पडला, कारण एका दांड्यावर घट्ट बसवलेली दोन चाके वळणावर एकमेकांशी भांडतात. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने 1827-28 च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी आणि इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्लीने 1877 मध्ये तीनचाकीसाठी तो पेच दातेरी चाकांनी सोडवला. बैलगाडीच्या चाकांना जी मोकळीक जन्मतःच होती ती यंत्राच्या गाडीला अशी किंमत मोजून मिळवावी लागली, आणि त्या किमतीतच आवाजाचे बी आहे.

महाराष्ट्रात मागचा डिफरेन्शियल लहान मालवाहू गाडीत सर्रास यायला वेळ लागला. बजाज टेम्पोने 1958 नंतर जी तीनचाकी गावोगावी पोचवली, तिचे इंजिन पुढे आणि जोरही पुढच्याच चाकाला. नंतरची मॅटाडोरही पुढच्या चाकांनी ओढणारी. या गाड्यांच्या मागे नुसती चाके होती. मागच्या हाउसिंगची ओळख झाली ती ट्रक आणि जीप यांच्यामुळे. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास माझगावला विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. युद्धासाठी घडवलेल्या त्या गाडीचा मागचा आस हायपॉइड दातांचा होता, म्हणजे पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली बसवलेला. अशा रचनेत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. दात मजबूत होतात, गाडी शांत चालते, पण ऑइल मात्र साधे चालत नाही. प्रचंड दाबाखालीही दातांवर पापुद्रा धरून राहील असे गंधक-फॉस्फरसयुक्त गिअर ऑइलच लागते. पुढे 1986 मध्ये टाटा 407 आली, मग पिकअपांच्या पिढ्या आल्या, आणि जीपच्या वंशातली ही रचना मासळी, भाजी, सिमेंट, लग्नाचे मंडप असे सगळे वाहू लागली.

थळमध्ये हे स्थित्यंतर आणखी एका घटनेने घट्ट झाले. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही कंपनी 1978 मध्ये स्थापन झाली आणि मुंबई हायच्या वायूवर चालणारा तिचा थळ-वायशेतचा कारखाना 1985 मध्ये उत्पादनात आला. पर्यावरणावरून त्या वेळी मोठा वाद झाला होता. कारखान्यासाठी पेणहून मालगाडीचा रूळही आला. पण बांधकाम, ठेकेदारी आणि वसाहत यांच्या मागोमाग वडखळ, पोयनाड, कार्ले खिंड या वाटेवरची मोटारींची वर्दळ वाढणे अटळ होते. रस्त्याची वर्दळ असेल तिथे मासळीही रस्त्याने जाणारच. एका अर्थी होडीचे ओझे मागच्या आसावर आले. नुसते वजन आले असते तर गोष्ट वेगळी होती. किनाऱ्याचे पाणीही बरोबर आले, आणि या लेखाचा सगळा भार त्या पाण्यावर आहे.

हाउसिंग पूर्ण बंद डबा नसते. आतले ऑइल तापते तेव्हा हवा फुगते, आणि ती बाहेर पडावी म्हणून वर एक छोटी श्वासनळी असते. खिंड उतरून आलेली गाडी तापलेल्या हाउसिंगसह भरतीच्या ओल्या वाळूत किंवा पाण्यात गेली की आतली हवा एकदम आकसते आणि श्वासनळीतून, झिजलेल्या सीलच्या ओठातून खारे पाणी आत ओढले जाते. श्वासनळी चिखलाने बुजली असेल तर सगळा दाब सीलवर येतो. वरून मासळीवरच्या बर्फाचे मिठाळ पाणी फळ्यांच्या फटींतून हाउसिंगवर ठिबकत राहते आणि श्वासनळीच्या टोकाशी गंज धरतो. आत शिरलेल्या पाण्याने ऑइल दुधाळ होते, दातांवरचा पापुद्रा टिकत नाही. गाडी चालू असते तोवर निभावते. थांबली की पाणी तळाशी बसते, आणि बेअरिंगचा जो रोलर जिथे टेकलेला असतो तिथेच गंजाची रेघ उमटते. मासेमारीबंदीचा काळ, अलीकडच्या वर्षांत 1 जून ते 31 जुलै, यात मासळीवरच जगणाऱ्या गाडीला फारसे काम नसते. ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदा भरून निघते आणि घूं-घूं सुरू होते. असा आवाज गाडी ‘जुनी झाली’ म्हणून येत नाही. दोन महिने आत साचून राहिलेल्या पाण्याने तो तयार केलेला असतो.

यावर जाणता मेकॅनिक म्हणेल, इतिहास राहू दे, आवाज स्वतःच सांगतो. त्याचे बरेचसे खरे आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर रडणारा आणि सोडल्यावर बदलणारा किंवा थांबणारा सूर क्राउन-पिनियनच्या दातांचा असतो. पाय दाबा वा सोडा, केवळ वेगाबरोबर चढत जाणारी घरघर बहुधा बेअरिंगची. पिनियनची बेअरिंग चाकाच्या चौपटीच्या आसपास वेगाने फिरते, म्हणून तिचा सूर चाकाच्या बेअरिंगपेक्षा वरचा लागतो. फक्त वळणावर येणारा आवाज आतल्या लहान गिअरांकडे किंवा चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो. गिअर टाकताना येणारा ‘ठक’ पुष्कळदा हाउसिंगचा नसतोच, प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा असतो. टायरची असमान झीजही हुबेहूब हाउसिंगसारखाच घोष करते. तो डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर बदलतो, हाउसिंगचा बदलत नाही. इतके कळत असेल तर हाउसिंग उघडण्यापूर्वीच निम्मे काम झाले. तरीही कान एवढेच सांगतो की कोणता भाग झिजला. का झिजला, हे त्याला कळत नाही, आणि नवी बेअरिंग किती दिवस टिकणार हे त्या उत्तरावरच ठरते. फिलर प्लग काढून बोटावर घेतलेले ऑइल हे उत्तर देऊ शकते. काळे आणि जळक्या वासाचे असेल तर ओझे आणि उष्णता, चकाकते कण असतील तर दातांची वा बेअरिंगची मोड, दुधाळ असेल तर पाणी.

दुसरा आक्षेप ओझ्याचा. किनारा असो वा घाटमाथा, पिकअप क्षमतेपेक्षा जास्तच भरली जाते आणि त्यानेच क्राउन जाते, मग समुद्राला दोष का? ओझ्याचा वाटा मी नाकारत नाही. पण जादा ओझ्याची मोड बहुधा दातावर दिसते. तिथे धातूचे टवके निघतात, एखादा दात तुटतो. गंजाची खूण वेगळी असते. रोलरच्या अंतराने उमटलेल्या समांतर काळ्या रेघा वजनाने पडत नाहीत. बेअरिंग धुऊन उजेडात धरली तर हा वाद तिथल्या तिथे मिटतो, म्हणून जुना भाग न बघता भंगारात टाकणारे गॅरेज मला पटत नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, कारण तो पैशाचा आहे. दुरुस्तीला वेळ लागतो. पिनियनची खोली शिम घालून जुळवायची, दातांमधला ढिलेपणा मिलिमीटरच्या दहाव्या ते पाचव्या हिश्शात आणायचा, दातांना रंग लावून क्राउन फिरवायचा आणि ठसा दाताच्या मधोमध उमटतो का ते पाहायचे. पूर्वी यासाठी तेलात कालवलेला शिशाचा शेंदूर वापरत. नवे क्राउन-पिनियन जोडीनेच घ्यावे लागतात, कारण कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. इतक्या खटाटोपात मासळी कुजेल, त्यापेक्षा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनी पूर्ण हाउसिंग आणून बसवावी, हा हिशेब व्यवहारी आहे आणि हंगामाच्या ऐन भरात बरोबरही आहे. फक्त त्यात दोन खर्च धरलेले नसतात. त्या जुन्या हाउसिंगचे आधीचे आयुष्य कुणाला ठाऊक नसते, आणि श्वासनळी व सील तशीच राहिली तर पुढच्या भरतीला तेच पाणी तिच्यातही शिरते. पाण्यात जाणाऱ्या गाड्यांची श्वासनळी रबरी नळी जोडून चासीच्या वर नेण्याची रीत आहे. ती किरकोळ खर्चात बसवता येते. ऑइल बदलण्याचा दिवसही हंगाम सुरू होतानाचा नको, तो मेअखेरीचा हवा, म्हणजे बंदीचे दोन महिने गाडी उभी राहील तेव्हा आत पाणी नसेल.