दार उघडं ठेवून

बुरोंडीत चर्च नाही. देवळं आहेत, अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा राहिलेला परशुराम आहे, आणि त्याला बघायला येणाऱ्या गाड्यांची सुट्टीच्या दिवशी रांग असते. आमची उपासना घरातच होते. ओटीवर दोन खुर्च्या, 'उपासना संगीत'ची शिवण उसवलेली प्रत, आणि आमच्या ह्यांचा बेसूर पण खणखणीत आवाज. ह्यांची नोकरी दापोलीच्या कृषी विद्यापीठात झाली, माझी शाळेत मराठी शिकवण्यात. माहेर माझं नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. निवृत्त झाल्यावर समुद्र हवा म्हणून इथे घर बांधलं. पहिल्याच महिन्यात शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अगो, तुम्ही तर अभंगच म्हणता की! मला वाटलं, विंग्रजीत काय ते असेल."

काकूंची समजूत एका वाक्यात झाली. माझ्या मुलाची होत नाही. तो पुण्यात असतो. रविवारी सकाळी त्याची सायकलवाली टोळी सिंहगडाच्या पायथ्याशी जमते. देवाबद्दल त्याची काही तक्रार नाही, फक्त त्याच्या आठवड्यात देवाला वार नाही. तो मला विचारतो, "आई, माणूस चांगला वागला की झालं ना? श्रद्धा असेल तर असू दे मनात. चारचौघांत कशाला?" प्रश्न साधा आहे आणि आजच्या काळाचा म्हणून लोक त्याच्याकडे बघतात. पण दापोली भागाची ही किनारपट्टी या प्रश्नाशी दोनशे वर्षं झटते आहे, आणि त्याची बहुतेक उत्तरं इथल्या माणसांनी जगून दाखवली आहेत. काही फसली, काही टिकली.

सुरुवात 1823 ची, बाणकोटची. 1813 च्या सनदेने कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली होती. पण पेशवाई बुडून पाचच वर्षं झाली होती आणि पुण्यात पाद्री नेऊन बसवायची सरकारची तयारी नव्हती. म्हणून स्कॉटिश मिशनरी सोसायटीची माणसं सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटला उतरली. त्यांच्यातला पहिला डोनाल्ड मिचेल. पूर्वी हा कंपनीच्या फौजेत होता, ती नोकरी सोडून पाद्री झाला आणि आल्यावर वर्ष पुरं व्हायच्या आत वारला. मागाहून जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन आले. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची दोन ठाणी. 1827 मध्ये रॉबर्ट नेस्बिट आला, त्याच्या मराठी उच्चारांचं कौतुक पुढे कितीतरी वर्षं होत राहिलं. 1829 मध्ये जॉन विल्सन आणि त्याची बायको मार्गारेट मुंबईला उतरली ती मराठी गिरवायला हर्णैलाच आली. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्याच्या नावाने ओळखलं जातं, त्याची मराठी मासळीच्या वासात आणि खाडीच्या वाऱ्यात पक्की झाली, याचं मला फार बरं वाटतं. मार्गारेटने पुढे मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि 1835 मध्ये तिथेच देह ठेवला.

ही माणसं मेहनती होती, त्यात वाद नाही. गावोगाव त्यांनी शाळा घातल्या. पण शिकवणारे पंतोजी गावातलेच, बहुतेक ब्राह्मण. पंतोजी सकाळी स्नानसंध्या उरकून यायचा आणि पोरांकडून येशूची प्रश्नोत्तरं घोकून घ्यायचा. पगार मिळत होता, पोरांना अक्षर येत होतं, आईबापांना तेवढंच हवं होतं. माझा स्वतःचा जन्म शाळेत गेला, म्हणून सांगते: जे मास्तरला पटलेलं नाही ते पोराच्या कानाशीच थांबतं. बाजारात उभं राहून केलेल्या प्रवचनांचंही तेच. लोक ऐकायचे, वाद घालायचे, घरी जायचे. 1830 च्या दशकात मिशनने कोकणातला मुक्काम आवरला आणि पुण्या-मुंबईवर भर दिला. हर्णैला मागे मंडळी अशी राहिली नाही.

हे अपयश मला महत्त्वाचं वाटतं. श्रद्धा चारचौघांत आणायची म्हणजे हाच प्रकार, असं माझ्या मुलाच्या डोक्यात बसलं आहे. तसा तो असेल तर मीही म्हणेन, मनातच ठेवलेली बरी.

दुसरा अंक दापोली कॅम्पातला. 1818 नंतर इथे फौजेची छावणी पडली, म्हणून जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. कॅम्पातलं गॉथिक धाटणीचं चर्च आता पडकं आहे. ज्या गोऱ्या साहेबांसाठी ते बांधलं ते गेले आणि चर्च ओस पडलं. मात्र इंग्लंडच्या एस. पी. जी. मिशनची शाळा टिकली. आल्फ्रेड गॅडने या मिशनऱ्याचं नाव तिला आजही आहे. तालुक्यात कुणालाही विचारा, ए. जी. हायस्कूल म्हटलं की पुरे. साने गुरुजी पालगडहून दापोलीला शिकायला आले ते याच मिशन शाळेत. पांडुरंग वामन काणे इथूनच मॅट्रिक झाले. धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहून 1963 मध्ये भारतरत्न झालेला हा पंडित पाद्र्यांच्या शाळेत घडला, आणि पाद्र्यांनी त्याला त्याच्या संस्कृतापासून तोडलं नाही. या शाळेने ख्रिस्ती किती केले, याचा हिशोब मांडलात तर खातं जवळपास रिकामं निघेल. माझ्या मते गॅडनेसाहेबाची शाळा हे हर्णैच्या शाळांपेक्षा प्रामाणिक काम होतं. तिथे शिक्षण हे आमिष नव्हतं, शिक्षणच होतं. पण नुसत्या शाळेने श्रद्धेचा प्रश्न सुटत नाही. चांगली शाळा कुणीही काढू शकतो.

म्हणून मी येते ते याच तालुक्यातल्या करजगावावर. 6 डिसेंबर 1861 रोजी कवी नारायण वामन टिळकांचा जन्म तिथे झाला. गंमत अशी की हर्णैच्या प्रवचनांनी जे झालं नाही ते या कोकणी ब्राह्मणाच्या बाबतीत आगगाडीच्या एका डब्यात झालं. 1893 मध्ये नागपूरकडून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि उतरताना नवा करार हातात दिला. त्या साहेबाचं नाव टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढचं सगळं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. आम्हा मराठी ख्रिस्ती घरांत ते पुस्तक शास्त्रासारखं वाचलं जातं, फरक इतकाच की वाचताना हसू येतं. बाप्तिस्म्याच्या बातमीने त्या बाईचा संसार मोडला. चारेक वर्षं नवराबायको वेगळी राहिली. मग त्या नगरकडे नवऱ्याच्या घरी आल्या त्या आपलं सोवळं घेऊन. ख्रिस्ती माणसाच्या घरात ब्राह्मणी चूल, ब्राह्मणी पाणी. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, उलट तिच्या सोवळ्याची सोय लावली. मिशनच्या आवारात लोक काय म्हणत असतील याची कल्पना करा: हा दुसऱ्यांना उपदेश करतो आणि ह्याची बायको ह्याच्या हातचं पाणी पीत नाही! टिळकांनी ते सोसलं. लक्ष्मीबाईंच्या मनातून जात गळून पडली ती त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. घरात अनाथ पोरं, आजारी माणसं, कुणी ना कुणी असायचंच. टिळक हातातलं देऊन मोकळे होत आणि पीठ कुठून आणायचं हा प्रश्न बायकोच्या पदरात टाकत. साधुपुरुषाशी संसार करणं किती कठीण, हे त्या बाईने कुठेही झाकलेलं नाही.

याच घरात बालकवी ठोंबरे येऊन राहिले. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनामागे टिळक होते, आणि तिथे पुढे आलेल्या या पोराला त्यांनी घरी आणलं. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांची माया त्यामुळे आटली, असंही कुठे दिसत नाही. विदेशी मिशनऱ्यांच्या हाताखालचं चर्च टिळकांना सोसेनासं झालं तेव्हा 1917 मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तो खुला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण येशूपाशी पोचलो, असं ते सांगत. शेजारच्या काकूंना आमची उपासना अभंगासारखी वाटली, कारण ती अभंगच आहे आणि तिच्यातल्या बऱ्याच पदांचा कर्ता याच तालुक्यात जन्मलेला आहे. 9 मे 1919 रोजी ते गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं होतं. धड शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं.

आता जी गोष्ट मी मुलाला सांगते ती. तिच्यातला नवरदेव आमच्या शेजारच्या मुरुडचा, घर मात्र पुण्यातलं. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा, वसतिगृहासह. शब्द असा दिला होता की इथे धर्म शिकवला जाणार नाही, ज्या मुलीचा जो आचार असेल तो तिने पाळावा. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर. आजच्या भाषेत पूर्ण सेक्युलर संस्था, आणि चालवणारी बाई उघड ख्रिस्ती. मुलींच्या सोवळ्यात तिने हात घातला नाही. मात्र सकाळी आपल्या खोलीत मुलीला, मनोरमेला, जवळ घेऊन ती प्रार्थना करी आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला, 'केसरी'ने झोड उठवली. सल्लागारांचं म्हणणं थोडक्यात एवढंच की दार लावून घ्या. रमाबाई म्हणाल्या, लावणार नाही. मी हिंदू असते आणि पूजा करत असते तरी लावलं नसतं. 1893 मध्ये रानडे-भांडारकर मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाईंनी आत या म्हटलं नाही, बाहेर राहा असंही म्हटलं नाही. शाळेच्या वेळात शाळा, आणि स्वतःच्या खोलीत स्वतःचा देव. टीकाकारांच्या बाजूनेही बोलायला जागा आहे: निराधार पोरी, आणि जिने आसरा दिला तिचा प्रभाव पडणारच. पुढे अनेक मुली ख्रिस्ती झाल्याच. मी स्वतः वर्गात उभी राहिलेली आहे, मास्तरणीचा शब्द पोरीवर किती चालतो ते मला माहीत आहे, म्हणून हा आक्षेप मी उडवून लावत नाही. तरीही दार लावण्याची अट मला मान्य होत नाही. पूजेच्या घंटेला ती अट पुण्यात कुणी घातली नव्हती.

याच सदनातल्या सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक देवरुखची गोदूबाई. 11 मार्च 1893 रोजी तिच्याशी मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं. कर्वे ख्रिस्ती नव्हते, गोदूबाई झाली नाही. एका ख्रिस्ती बाईच्या घरात राहून शिकलेली मुलगी हिंदू म्हणून बाहेर पडली आणि आनंदीबाई कर्वे झाली, हे रमाबाईंच्या शब्दाला सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र आहे. मुरुडकरांनी मात्र या जोडप्यावर बहिष्कार घातला. त्या काळी या किनाऱ्यावर मनाला पटलेलं जगून दाखवायची किंमत कुठल्याही धर्माच्या माणसाला भरावी लागत होती. मनात ठेवायला कर्व्यांनाही कुणी हरकत घेतली नव्हती!

आम्हाला आज कुणी बहिष्कृत करत नाही. नाताळला मी करंज्या, शंकरपाळे करते, ते वाडीभर जातात. दिवाळीला गेलेली ताटं तशीच भरून येतात. अडचण आहे ती निराळी. नाताळ म्हणजे केक आणि लाल टोपी एवढंच रिसॉर्टांनी ठेवलं आहे. नाताळच्या आठवड्यात लाडघरपर्यंतच्या रस्त्यावर गाड्या मावत नाहीत, आणि ज्याचा जन्म साजरा होतो त्याची कुणाला आठवण नसते. विरोध करणाऱ्याशी बोलता येतं, टिळक आयुष्यभर बोलले. ज्याला फरकच पडत नाही त्याच्याशी काय बोलायचं, हे टिळकांच्या पुस्तकांत मला सापडलेलं नाही.

मुलाला मी एवढंच सांगते की तू सिंहगडावर जा, पण तिथे कुणी विचारलं तर आपण कोण ते लपवू नको, आणि कुणी विचारलं नाही तर सांगत सुटू नको. तो हसतो. मागच्या नाताळला मात्र बाजाची पेटी पुण्याहून दुरुस्त करून त्यानेच आणली.

वाचकांकडे एक मागणं आहे. बाणकोट, हर्णै, दापोली भागातल्या ज्या घरांत मिशन शाळेचे जुने दाखले, बक्षिसाची पुस्तकं, फोटो, बाप्तिस्म्याचे कागद असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. कोकणातल्या पावसाने आणि वाळवीने बरंच खाल्लं आहे. ट्रंक उघडा, कागदांना ऊन दाखवा, मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवा आणि तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयात एक प्रत द्या. पूर्वज कुठल्या धर्माचे होते, हा प्रश्न त्यासाठी आड येऊ देऊ नका.