आयबेरिओटॉक्सिन

लाल विंचवाच्या विषातील 37 ॲमिनो आम्लांचे पेप्टाइड. पेशीपटलात पोटॅशियमच्या ये-जा करण्याच्या अनेक वाहिन्या असतात. त्यांपैकी कॅल्शियम वाढल्यावर उघडणाऱ्या आणि एका वेळी भरपूर पोटॅशियम सोडणाऱ्या ‘बीके’ वाहिनीचे तोंड हे पेप्टाइड बाहेरून बुचासारखे बंद करते. अमेरिकेतील मर्क कंपनीच्या संशोधकांनी 1990 मध्ये त्याचे वर्णन केले. विंचवाला तेव्हा ब्यूथस टॅम्युलस म्हणत. आता तो हॉटेनटोटा टॅम्युलस आहे, पण रसायनांच्या याद्यांत जुनेच नाव टिकून आहे.

कोकणात या विंचवाची ओळख वेगळी आहे. दंशानंतर घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. फुप्फुसात पाणी साचून लहान मुले दगावत. यात मुख्य वाटा आयबेरिओटॉक्सिनचा नाही, सोडियम वाहिन्या मिटू न देणाऱ्या त्याच विषातल्या इतर घटकांचा आहे. त्यांच्यामुळे चेतातंतू अनावर चेतवले जातात आणि ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटली जातात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा यावरील उपयोग 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. गावोगावच्या रुग्णांना या पेप्टाइडपेक्षा तोच शोध कितीतरी मोलाचा ठरला.

प्रयोगशाळेत आयबेरिओटॉक्सिन लागते ते पेशींची हालचाल समजून घेण्यासाठी. जखम भरून काढणाऱ्या त्वचेच्या पेशी, जंतुसंसर्गाकडे निघालेल्या पांढऱ्या पेशी आणि फैलावणाऱ्या कर्कपेशी सरपटत जातात. ॲक्टिनच्या तंतूंनी पुढची कड पसरते, मागचे टोक सुटून ओढले जाते. मागे कॅल्शियम वाढले की पोटॅशियम वाहिन्या उघडतात. पोटॅशियम बाहेर पडते, पाठोपाठ क्लोराइड आणि परासरणाने पाणीही जाते, आणि टोक आकसते. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट श्वाब यांच्या गटाने 1990च्या दशकात मूत्रपिंडाच्या रूपांतरित पेशींवर चॅरिब्डोटॉक्सिन टाकले, तेव्हा त्यांचे सरपटणे मंदावले. हे चॅरिब्डोटॉक्सिनही विंचवाचेच, पण ते एकाहून अधिक प्रकारच्या पोटॅशियम वाहिन्या अडवते. त्यामुळे काम नेमके कोणत्या वाहिनीचे, हे ठरवताना फक्त बीके अडवणारे आयबेरिओटॉक्सिन जोडीला घेतात. त्याचा परिणाम झाला नाही, तर तोही पुरावाच असतो.

ग्लायोमा या मेंदूच्या कर्करोगात बीके वाहिन्या मुबलक असतात. मेंदूतल्या अरुंद फटींतून घुसण्यासाठी पेशीला आकसावे लागते, म्हणून ही वाहिनी अडवली की प्रसार थांबेल असे वाटले. निकाल इतके सरळ आलेले नाहीत. काही प्रयोगांत वाहिनी बंद केल्याने पेशी मंदावल्या, तर काहींत ती औषधाने सताड उघडल्यानेही. विंचवाच्या विषाने कर्करोग हटतो, अशा फिरत्या दाव्यांना यात आधार नाही. मेंदूतली गाठ शस्त्रक्रियेत उजळून दिसावी म्हणून माणसांवर तपासले गेलेले क्लोरोटॉक्सिन हे वेगळे पेप्टाइड असून ते पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेत आढळणाऱ्या पिवळ्या विंचवाचे आहे.