खेळ हाच पहिला अभ्यास : पाळणाघर आणि बालशिक्षण

ठाणे आणि मुंब्रा या दोन स्थानकांच्या मध्ये वसलेल्या कळव्यातील असंख्य कुटुंबांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. आई-वडील दोघेही मुंबईत किंवा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात नोकरीला असले, की प्रवास धरून मुलाचे दहा-अकरा तास पाळणाघरात जातात. जागेपणीचा बहुतेक काळ मूल तेथेच असते. त्यामुळे स्वच्छता, सुरक्षितता आणि जेवण यांच्याबरोबर पालक आणखी एक प्रश्न विचारतात, 'येथे शिकवतात काय?' उत्तरादाखल बहुधा अक्षरे, अंक आणि इंग्रजी कवितांची यादी पुढे येते. खेळाला मात्र 'उरलेल्या वेळेत' स्थान मिळते. बालशिक्षणशास्त्राचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. सहा वर्षांखालील मुलाचा खेळ हाच त्याचा अभ्यास असतो.

खेळताना मूल काय शिकते?

ठोकळ्यांचा मनोरा रचणारे मूल लहान-मोठे, खाली-वर, तोल आणि संख्या यांचा अनुभव घेत असते. कणीक मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे यांमुळे बोटांचे स्नायू बळकट होतात. पुढे पेन्सिल धरण्याची तयारी त्यातूनच होते. हाताची ही तयारी होण्यापूर्वी मुलाला ओळींत अक्षरे गिरवायला लावली, तर हात दुखतो आणि लिहिण्याविषयी नावड निर्माण होते.

भातुकलीला तर विशेष महत्त्व आहे. करवंटीला पातेले आणि पानाला पोळी मानणारे मूल एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू कल्पिते. अक्षर हेही ध्वनीच्या जागी मानलेले चिन्हच असते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (1896-1934) यांनी कल्पित खेळाचे महत्त्व याच अंगाने मांडले. 'तू डॉक्टर, मी पेशंट' असे ठरल्यावर मूल त्या भूमिकेचे नियम पाळते, थांबते, आपली पाळी येण्याची वाट पाहते. कळव्यातील मुलांच्या खेळात लोकल, तिकीटघर, मासळीबाजार सहज येऊ शकतात, कारण हे सारे त्यांनी पाहिलेले असते.

मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1932 मध्ये बालकांच्या सामूहिक खेळाच्या पायऱ्या मांडल्या. प्रथम एकट्याचा खेळ, मग दुसऱ्यांचा खेळ पाहणे, मग शेजारी बसून आपापला खेळ आणि त्यानंतर हळूहळू मिळून खेळणे. म्हणूनच दोन वर्षांचे मूल 'इतरांत मिसळत नाही' म्हणून चिंता करण्याचे सहसा कारण नसते.

कोसबादचा वारसा

हा विचार आपल्याकडे केवळ परदेशी पुस्तकांतून आलेला नाही. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक (1892-1973) यांनी माँटेसरी पद्धतीला देशी रूप दिले. 1945 मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ (1910-1992) यांनी ते अखेरपर्यंत चालविले. बोर्डी आणि कोसबाद ही गावे आज पालघर जिल्ह्यात आहेत. 2014 पर्यंत मात्र ती कळव्याप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होती.

माँटेसरी पद्धतीची मूळ साधने महाग होती. ताराबाई-अनुताईंनी त्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले आणि माती आणली. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेली. 'अंगणवाडी'ची कल्पना येथे साकारली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेची केंद्रेही याच नावाने देशभर ओळखली जातात. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मोठी मुलगी शाळेला मुकू नये, यासाठी कोसबादच्या 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. पाळणाघर हा शिक्षणाचाच भाग आहे, हे तेथे प्रत्यक्ष कृतीतून मान्य झाले होते.

शासकीय धोरणही आता याच दिशेने आले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये 3 ते 8 हा वयोगट 'पायाभूत स्तर' मानण्यात आला असून त्यासाठी खेळावर आधारित शिक्षणाचा आग्रह धरला आहे.

पाळणाघर निवडताना

पालकांनी पुढील गोष्टी जरूर पाहाव्यात.

* मुलांना रोज मोकळ्या, स्वतः निवडलेल्या खेळासाठी सलग वेळ मिळतो का? दूरचित्रवाणी किंवा मोबाइल हा खेळाचा पर्याय होऊ शकत नाही.
* खेळणी मुलांच्या हाती लागतील अशी ठेवली आहेत, की कपाटात शोभेसाठी?
* माती, पाणी, रंग यांना मुभा आहे का? संध्याकाळी मुलाचे कपडे मळलेले दिसले तर पालकांनी तक्रार करू नये.
* भिंतीवरील चित्रे मुलांनी काढलेली आहेत का? सर्व मुलांचे आंबे सारखेच पिवळे आणि रेषेच्या आत रंगवलेले असतील, तर तेथे सर्जनशीलतेला वाव कमी आहे असे समजावे.
* ताई मुलांशी बोलतात का, गोष्टी सांगतात का? मुलांच्या घरच्या भाषेला तेथे स्थान आहे का?
* मणी, चिंचोके, बिया यांसारख्या बारीक वस्तू तीन वर्षांखालील मुलांपासून दूर ठेवल्या जातात का? त्या घशात अडकण्याचा धोका असतो.

जागा लहान असणे ही कळव्यासारख्या दाट वस्तीत खरी अडचण आहे. तथापि दोन खोल्यांतही रिकामे खोके, जुन्या ओढण्या, डबे, झाकणे आणि शाडूची माती यांवर उत्तम खेळ चालतो. खरी गरज असते ती मुलांकडे लक्ष देणाऱ्या आणि खेळात वारंवार ढवळाढवळ न करणाऱ्या ताईंची. अशा ताईंना प्रशिक्षण आणि रास्त वेतन मिळाले पाहिजे. पालकांनीही संध्याकाळी मुलाला घेताना 'आज काय लिहिलेस?' याऐवजी 'आज काय खेळलास?' असे विचारावे. पालक काय विचारतात, त्यावरून पाळणाघरे आपला दिनक्रम आखत असतात.