अकादमीची वाटचाल

इ. स. पू. ३९९. अथेन्सच्या लोकन्यायालयाने सॉक्रेटिसला मृत्युदंड ठोठावला. शेकडो सामान्य नागरिकांनी मतदान करून दिलेला तो निवाडा होता. त्याचा शिष्य प्लेटो तेव्हा तिशीच्या आतला होता. बहुमत म्हणजे न्याय का, हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही.

इ. स. पू. ३८७च्या सुमारास नगराच्या वेशीबाहेर, अकादेमोस या वीराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑलिव्हच्या राईत त्याने अकादमी हे विद्यापीठ सुरू केले. ग्रीक नगरांतून विद्यार्थी आले. ॲक्झिओथिया आणि लास्थेनिया या स्त्रियाही शिकल्या. भोपळ्याचा वर्ग ठरवण्यासाठी माना खाली घालून विचारात गढलेले विद्यार्थी एका विनोदी नाटककाराने रंगवले. पहिला प्रयत्न फसताच प्लेटो न रागावता त्यांना पुन्हा आरंभ करायला सांगतो. नाटकातले असले, तरी संस्थेचे शील त्यात उमटले आहे.

लोकशाहीवर प्लेटोने कठोर टीका केली. नौकानयन न जाणणाऱ्यांच्या हाती सुकाणू गेलेले जहाज, अशी उपमा त्याने ‘रिपब्लिक’मध्ये दिली. इ. स. पू. ३६७मध्ये सतराव्या वर्षी आलेला ॲरिस्टॉटल इथे वीस वर्षे राहिला. पुढे त्यानेच दुसरी बाजू मांडली : अनेकांनी मिळून आणलेले जेवण एकाच्या खर्चाच्या जेवणापेक्षा सरस ठरू शकते, तसाच अनेकांचा एकत्रित निर्णयही. दोन्ही मतांना लोकशाही अथेन्सनेच आसरा दिला.

इ. स. पू. ३४७मध्ये प्लेटो गेला. धुरा भाचा स्प्युसिपसकडे आणि नंतर झेनोक्रेटीसकडे आली. इ. स. पू. ३२२मध्ये मॅसिडोनियाने अथेन्सची लोकशाही मोडून गरिबांचा मताधिकार काढून घेतला. परदेशी रहिवासी असलेल्या झेनोक्रेटीसला नव्या राजवटीत नागरिकत्व देऊ केले गेले. ज्या व्यवस्थेला आपण विरोध केला तिचे नागरिकत्व नको, म्हणून त्याने ते नाकारले, असे चरित्रकार प्लुटार्क नोंदवतो.

पुढे संस्थेचा प्रमुख आर्केसिलाउस याने प्रत्येक मताची उलट बाजू तपासण्याची शिस्त घालून दिली. इ. स. पू. ८६मध्ये रोमन सेनानी सुला याने वेढ्याच्या यंत्रांसाठी राईतली झाडे तोडली आणि संस्था विखुरली. इ. स.च्या पाचव्या शतकात प्रोक्लससारख्या आचार्यांनी अथेन्समध्ये प्लेटोची परंपरा पुन्हा उभी केली; पण इ. स. ५२९मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आदेशाने तिथले अध्यापन थांबले.

१९२९मध्ये जुन्या राईच्या जागी उत्खनन सुरू झाले. आज तिथे अथेन्सकरांची बाग आहे. झाडांच्या सावलीत जुने पाये दिसतात. बहुमताला प्रश्न विचारणारी ही संस्था बहुमताच्याच नगरात वाढली. त्या प्रश्नांनी लोकशाहीला स्वतःकडे पाहायला शिकवले, हेच अकादमीचे संचित.