नाणे, स्क्रू ड्रायव्हर आणि विमा कंपनीचा अभियंता : यंत्रांच्या कंपनमापनाचा इतिहास

वाफेची टर्बाइन सुरळीत चालली आहे की नाही, हे पाहण्याची एक जुनी रीत होती. बेअरिंगच्या टोपणावर एक नाणे कडेवर उभे करावयाचे. ते उभे राहिले तर यंत्र ठीक. कलंडले तर कारण शोधावयाचे. ज्याच्यापाशी नाण्याइतकाही वेळ नसे, तो स्क्रू ड्रायव्हरचे पाते बेअरिंगवर टेकवी आणि मूठ कानाच्या हाडाशी धरी. जाणता फिटर एवढ्यावरून शेजारच्या दोन पंपांपैकी आजारी कोणता ते सांगे, आणि ते बहुधा खरे निघे.

या विद्येत एकच उणीव होती, पण ती मोठी होती. कानाला आजचा आवाज कळतो. त्याच यंत्राचा सहा महिन्यांपूर्वीचा आवाज त्याच्यापाशी शिल्लक नसतो. फिटर निवृत्त झाला की त्याच्याबरोबर यंत्राचा सारा इतिहासही घरी जाई. कंपनमापनाचा इतिहास म्हणूनच केवळ उपकरणांचा इतिहास नाही; तो नोंदवहीचाही इतिहास आहे.

हा प्रश्न ऐरणीवर आणला वेगाने. १८६९ मध्ये रँकिन यांनी फिरत्या शाफ्टच्या गणितावरून असा निष्कर्ष काढला होता की, एका विशिष्ट वेगापलीकडे शाफ्ट स्थिर राहूच शकत नाही. पुढे १८८० च्या दशकात स्वीडनच्या गुस्ताफ दे लावाल यांनी मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत जाणारी टर्बाइन बांधली. तिचा शाफ्ट मुद्दाम बारीक व लवचीक ठेवला होता. तो वेग गाठताना शाफ्ट थरथरे आणि तो ओलांडला की शांत होई. रँकिन यांचे गणित अपुरे होते, हे यंत्राने आधी दाखविले आणि सिद्धान्ताने नंतर मान्य केले. जेफकॉट यांचा प्रसिद्ध शोधनिबंध १९१९ चा आहे. तोवर वीजकेंद्रांतून मोठमोठी यंत्रे फिरू लागली होती, आणि ‘थरथर किती चालेल?’ या प्रश्नाला प्रत्येक कारखान्यात निराळे उत्तर मिळत होते.

पहिले व्यापक उत्तर आले ते विमा कंपनीच्या कचेरीतून. टी. सी. रॅथबोन हे न्यूयॉर्कच्या फिडेलिटी अँड कॅज्युअल्टी कंपनीच्या टर्बाइन व यंत्रविभागाचे मुख्य अभियंता. यंत्र फुटले तर भरपाई कंपनीने द्यावयाची. तेव्हा कोणत्या थरथरीपासून धोका सुरू होतो, हे जाणण्याची गरज यंत्रमालकाइतकीच, कदाचित थोडी अधिकच, तिला होती. नोव्हेंबर १९३९ मध्ये ‘पॉवर प्लांट इंजिनिअरिंग’ या मासिकात रॅथबोन यांचा कंपनाच्या सह्य मर्यादेवरील लेख आला. त्यात एक तक्ता होता : एका अक्षावर वेग, दुसऱ्यावर थरथरीचा विस्तार, आणि मध्ये अतिशय सुरळीत चालण्यापासून चालविण्यास अयोग्य अशा अवस्थेपर्यंतचे पट्टे.

या तक्त्याला सिद्धान्ताचा आधार नव्हता. अभियंत्यांच्या अनुभवावर तो बेतलेला होता. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण पुढच्या बहुतेक साऱ्या तक्त्यांचा वंश त्याच्यापाशी पोचतो. येट्स यांनी १९४९ मध्ये जहाजांच्या टर्बाइनांसाठी, तर ब्लेक यांनी १९६४ मध्ये कारखान्यांच्या देखभालीसाठी आपापल्या मर्यादा सुचविल्या. नवा तक्ता काढणारा प्रत्येक जण जुन्याशी भांडला, पण आखणी तीच ठेवून.

तक्त्याचे पट्टे तिरपे का होते, यात सगळ्या विषयाचे मर्म आहे. समजा, बेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५० मायक्रॉन हलते आहे. केसाच्या जाडीहूनही बहुधा कमी. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या यंत्रात हे हलणे म्हणजे सेकंदाला सुमारे १.१ मिलिमीटर इतका कंपनवेग (आरएमएस, म्हणजे वर्गमध्यमूळ). १,५०० फेऱ्यांना तोच आकडा २.८ होतो आणि ३,००० फेऱ्यांना ५.६. हलणे तेच, पण धातूला प्रत्येक मिनिटाला सोसावे लागणारे हेलकावे पाचपट. म्हणून नुसते मायक्रॉन सांगून भागत नाही. कंपनाचा वेग सांगितला की मधल्या वेगांच्या बऱ्याच यंत्रांना एकच मोजपट्टी लावता येते.

जर्मनीच्या अभियंता संघाने १९६४ मध्ये व्हीडीआय २०५६ हा दंडक याच पायावर रचला आणि १९७४ चा आंतरराष्ट्रीय दंडक आयएसओ २३७२ त्याच मार्गाने गेला. मोजावयाचे ते १० ते १००० हर्ट्झमधील कंपनवेगाचे आरएमएस मूल्य. यंत्रांचे चार वर्ग आणि प्रत्येक वर्गात अवस्था चार. १५ किलोवॉटपर्यंतच्या लहान मोटरीला ०.७१ पर्यंत उत्तम, ४.५ च्या पुढे अयोग्य. भक्कम पायावरील मोठ्या यंत्राला १.८ पर्यंत उत्तम, ११.२ च्या पुढे अयोग्य. वरच्या उदाहरणातील ५० मायक्रॉन मोठ्या यंत्राच्या या वर्गात ६०० फेऱ्यांना पहिल्या अवस्थेत बसतात, १,५०० ला दुसऱ्या आणि ३,००० ला तिसऱ्या. १९९५ मध्ये आयएसओ १०८१६ आणि २०१६ मध्ये आयएसओ २०८१६ यांनी जुन्या दंडकाची जागा घेतली. तरी आज बाजारात मिळणाऱ्या साध्या हातमापकांच्या पाठीवर पुष्कळदा १९७४ चाच तक्ता छापलेला आढळतो. चार रंगांची ती चौकट इतकी सोयीची आहे की तिला निवृत्त करणे कुणाला जमलेले नाही.

उपकरण हातात मावू लागले ते टप्प्याटप्प्याने. सुरुवातीच्या यंत्रांत कागदाच्या पट्टीवर टाक चाले. पुढे चुंबक व तारेचे वेटोळे असलेला संवेदक आला. तो हलला की स्वतःच वीज निर्माण करी, आणि ती विजेची मात्रा कंपनवेगाच्याच प्रमाणात असे. रॅथबोनोत्तर पिढीला जे हवे होते ते त्याने आयते दिले. पण तो जड होता, आणि आतले हलणारे भाग झिजत. क्युरी बंधूंना १८८० मध्ये स्फटिकांत जो गुण आढळला होता, दाब पडला की विद्युतभार उमटण्याचा, तो येथे कामी आला. डेन्मार्कच्या ब्रुएल आणि क्येर या कंपनीने १९४० च्या दशकात असे त्वरणमापक विक्रीस आणले. त्यांत झिजण्यासारखे काही नव्हते. त्वरणावरून वेग काढण्याचे काम मापकातील विद्युतमंडलावर सोपविले की झाले.

एवढे होऊनही मोजणाऱ्याच्या हाताला महत्त्व राहिलेच. मापकाची सळई हाताने टेकविली तर साधारण हजार हर्ट्झच्या वरचे वाचन भरवशाचे राहत नाही. चुंबकाने चिकटविली तर मर्यादा वाढते, मळे घालून स्क्रूने बसविली तर आणखी. बेअरिंगवरची जागा आज चार बोटे डावीकडे आणि पुढच्या महिन्यात उजवीकडे धरली तर नोंदवहीत यंत्राचा नव्हे, मनगटाचा इतिहास उतरतो. म्हणून प्रत्येक बेअरिंगवर आडवी, उभी आणि शाफ्टच्या दिशेची अशा तीन जागा रंगाने खुणावून ठेवण्याची पद्धत पडली, आणि वाचनाशेजारी त्या वेळचा वेग व भार लिहिणे सक्तीचे झाले. शाफ्टच्या दिशेचे वाचन वाढले तर कपलिंगच्या जुळणीवर संशय. आडवे वाढले तर बहुधा असंतुलनावर. ही निदाने पक्की नसतात. पण कोठून पाहावयास लागावे, हे ती सांगतात.

या नोंदींना मोल का आले, हे समजण्यासाठी विमानतळावर जावे लागते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची विमाने ठरावीक उड्डाण-तासांनी तपासणीसाठी उघडली जात. सी. एच. वॉडिंग्टन हे मुळात जीवशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या तेव्हा विलक्षण चित्र दिसले. दर ५० तासांच्या तपासणीनंतर बिघाड कमी होण्याऐवजी वाढत, आणि पुढची तपासणी येईपर्यंत ओसरत. निरोगी यंत्र उघडणे हेच त्याला आजारी पाडत होते. वॉडिंग्टन यांचे या कामावरील पुस्तक प्रसिद्ध व्हायला १९७३ साल उजाडले. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात आणखी स्पष्ट आकडा आला : ‘इतके तास झाले की बदला’ या नियमाचा लाभ होऊ शकेल असे विमानाचे घटक होते केवळ ११ टक्के. उरलेल्यांसाठी पंचांग पाहण्यापेक्षा नाडी पाहणे शहाणपणाचे होते.

नाडी पाहण्याचे काम १९८० च्या दशकात सोपे झाले. कूली आणि टूकी यांनी १९६५ मध्ये मांडलेली झटपट फूरिए रूपांतराची रीत आता पट्ट्याने खांद्यावर अडकविण्याजोग्या संग्राहकात मावली. सकाळी संगणकातून त्यात दिवसभराचा फेरा भरावयाचा, यंत्रामागून यंत्र मोजत जावयाचे आणि संध्याकाळी नोंदी संगणकात उतरवावयाच्या. एका आकड्याऐवजी आता वारंवारितांचा पूर्ण आलेख मिळू लागला, आणि महिन्यामागून महिना तो एकाखाली एक ठेवून पाहता येऊ लागला.

आणि तरीही १७ ऑगस्ट २००९ घडले.

रशियाच्या खाकासिया प्रजासत्ताकात येनिसेई नदीवर सायानो-शुशेन्स्काया हे जलविद्युत केंद्र आहे. प्रत्येकी ६४० मेगावॉटची १० यंत्रे, एकूण ६,४०० मेगावॉट. क्रमांक २ चे यंत्र १९७९ पासून चालत होते आणि त्याच वर्षाच्या आरंभी त्याची दुरुस्ती झाली होती. आदल्या रात्री ब्रात्स्क केंद्रातील दळणवळण यंत्रणेला आग लागल्याने भाराच्या चढउताराचे काम सायानोकडे आले. क्रमांक २ चा भार वारंवार बदलत राहिला, आणि प्रत्येक बदलात यंत्र ज्या पट्ट्यात अधिक हादरते त्यातून त्याला जावे लागले. सकाळी ८ वाजून १३ मिनिटांनी टर्बाइनचे झाकण सुटले, पाण्याच्या दाबाने यंत्र वर उचलले गेले आणि यंत्रगृह पाण्याखाली गेले. ७५ माणसे मेली. वीज गेल्यामुळे पाण्याची दारे आपोआप मिटली नाहीत. धरणाच्या माथ्यावर जाऊन कर्मचाऱ्यांनी ती हाताने पाडली.

रोस्तेखनादझोर या नियामक संस्थेच्या अहवालात तेथील नोंदी आहेत. टर्बाइन बेअरिंगचे कंपन शेवटच्या काही मिनिटांत ६०० मायक्रॉनवरून ८४० वर गेले होते. परवानगी १६० ची होती. (मिनिटाला सुमारे १४३ फेऱ्यांचे हे यंत्र, इतक्या संथ यंत्राचे मूळ कंपन १० हर्ट्झच्या खाली येते. साध्या हातमापकाला ते दिसतच नाही, म्हणून तेथे मायक्रॉनच मोजतात.) झाकण धरून ठेवणाऱ्या ८० मळसूत्री खुंट्यांपैकी तपासलेल्या ४९ पैकी ४१ मध्ये धातू थकल्याच्या भेगा सापडल्या. सहा खुंट्यांवर चाकीच नव्हती. या यंत्रावर अखंड कंपननियंत्रणाची व्यवस्था त्याच वर्षी बसविली होती, पण ती कार्यान्वित केलेली नव्हती.

अहवालानंतर एक आक्षेप पुढे आला, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. ८४० दाखविणारा तो संवेदक यंत्र बंद असतानाही मोठे आकडे देत होता, म्हणून त्याचे वाचन पुरावा ठरत नाही, असे काही तज्ज्ञांचे म्हणणे पडले. आक्षेप खरा मानला तर दोषाचे स्वरूप बदलते, वजन मात्र घटत नाही : खोटे बोलणारा संवेदक दुरुस्त न करता तसाच ठेवला गेला आणि नियंत्रणकक्षाला त्या आकड्याकडे पाहण्याची सवय जडली. खुंट्यांतील भेगा तर दोन्ही बाजूंना मान्य आहेत, आणि त्या काही एका सकाळीत पडत नाहीत.

केंद्राची पुनर्बांधणी काही वर्षे चालली. कंपन मर्यादेपलीकडे गेल्यास यंत्र स्वतःहून थांबविणारी व्यवस्था नव्या यंत्रांना जोडण्यात आली. क्रमांक २ चे यंत्र सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाले.