‘सायलेंट नाइट’ कुणाचं?

नाताळ आला की घरात चांदणी लागते, झाडावर दिवे चढतात आणि स्पीकरवर ‘सायलेंट नाइट’ वाजतं. आज त्याच गाण्याची गोष्ट सांगतो.

मूळ गाणं जर्मन. १८१६ साली ऑस्ट्रियातल्या मारियाफार गावी योसेफ मोर या तरुण पाद्रीने ते लिहिलं. नेपोलियनची युद्धं नुकतीच संपलेली. त्यात त्या वर्षी युरोपात धड उन्हाळाच आला नाही. पिकं गेली, लोकांचे खायचे वांधे झाले. अशा दिवसांत याने शांत रात्रीबद्दल लिहिलं!

२४ डिसेंबर १८१८ ला मोरने ती कविता शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबरकडे दिली. ग्रुबरने चाल लावली आणि त्याच रात्री ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये दोघांनी ती गिटारवर गायली.

पुढे टायरॉलमधली गाणारी कुटुंबं हे गाणं दूरदूर घेऊन गेली. १८३९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचलं. त्याच सुमारास जर्मन घरांतलं नाताळचं झाडही जगभर निघालं होतं. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं आणि ब्रिटनमध्ये घरोघरी झाड सजू लागलं.

आणि गाण्याचे कर्ते? त्यांची नावं मागेच राहिली. १८५४ मध्ये बर्लिनहून चौकशी झाली, तेव्हा ग्रुबरने सगळी हकिकत लिहून कळवली. पण मोर १८४८ मध्येच वारला होता.

म्हणून सांगतो, यंदा दिवे लावताना हे गाणं वाजलं, की घरच्यांना दोन नावं नक्की सांगा: मोर आणि ग्रुबर. भेटू पुढच्या भागात!