मुसी नदीचा महापूर व त्याची मोजणी

महापूर ओसरल्यावर मागें दोन खुणा राहतात: एक भिंतीवरची रेघ व दुसरी लोकांच्या तोंडची कथा. कथेंत बहुधा देवाचा कोप असतो. रेघ मात्र मोजतां येते. अशा मोजणीनें एका शहराचें रक्षण कसें झालें व तें पुढें कोठें उणें पडलें, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

ता. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं हैदराबादेस मुसी नदीला जो पूर आला, त्यांत सुमारें १५,००० माणसें दगावलीं असें सामान्यतः सांगतात. नदीकांठच्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारें १५० लोक वांचले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारांतील तें झाड पुढें या पुराचें स्मारकच होऊन बसलें.

१९०९ मध्यें निजाम सरकारनें मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांस पाचारण केलें. हे गृहस्थ महाराष्ट्रास परके नव्हते. पुण्यास स्थापत्यविद्या शिकून त्यांनीं मुंबई इलाख्यांत सेवा केली होती, व खडकवासल्याच्या धरणास आपोआप उघडणारे दरवाजे त्यांच्याच योजनेनें बसले होते.

त्यांनीं प्रथम पावसाचे आंकडे जमविले. शमशाबाद येथें २४ तासांत १२.८ इंच व ४८ तासांत १८.९ इंच पाऊस झाला होता. पर्जन्य मोजण्याची ही दृष्टि आपणांस नवी नव्हे. कौटिल्यानें देशपरत्वें पर्जन्यमान द्रोणांत दिलें आहे, व त्यांत गोदावरीकांठचा अश्मक देशही आहे. परंतु केवळ पावसानें हा अनर्थ ओढवला नव्हता. नदीच्या पाणलोटांत ७८८ तलाव होते, म्हणजे चौरस मैलास जवळजवळ एक. त्यांपैकीं २२१ फुटले. वरचा तलाव फुटला कीं त्याचा लोंढा खालच्यावर येई व तोही फुटे. ज्या तलावांनीं पिढ्यान्‌पिढ्या शेतें पोसलीं, त्यांनींच त्या रात्रीं पुराचें बळ वाढविलें.

कारण कळलें तेव्हां उपायही सुचला. शहराच्या वरच्या अंगास मुसी व तिची उपनदी ईसी यांवर दोन जलाशय बांधावे, पुराचें पाणी त्यांत अडवावें, व पात्रांत मावेल तितकेंच खालीं सोडावें, अशी ती योजना होती. त्याप्रमाणें उस्मानसागर १९२० मध्यें व हिमायतसागर १९२७ मध्यें पुरा झाला. शहरास पिण्याचें पाणीही त्यांतूनच मिळूं लागलें.

तथापि येवढ्यानें काम संपलें असें मानणें हीच चूक होय. हीं धरणें आपल्या वरचें पाणी अडवितात. प्रत्यक्ष शहरावर पडणाऱ्या पावसास त्यांचा इलाज नाहीं. मध्यंतरीं तलावांच्या पोटांत व ओढ्यांच्या वाटांत घरें उठलीं. सप्टेंबर १९०८ नंतर ११२ वर्षांनीं, म्हणजे ऑक्टोबर २०२० मध्यें, पल्ले चेरुवू व गुर्रम चेरुवू या तलावांचे बांध फुटून खालच्या वस्त्यांत पाणी शिरलें. विश्वेश्वरय्यांनीं दाखविलेलें कारणच पुन्हां उभें राहिलें.

यांत इतिहासाभ्यासकांचेंही कर्तव्य आहे असें आम्हांस वाटतें. घाटांच्या पायऱ्यांवर व देवळांच्या भिंतींवर पुराच्या ज्या खुणा आहेत, त्या रंगसफेदींत जाण्यापूर्वीं सालवार टिपाव्या, त्यांची उंची मोजावी, व तीं टिपणें गांवकऱ्यांच्या आणि स्थापत्यज्ञांच्या हातीं द्यावीं. घर कोठें बांधूं नये, हें ठरविण्यास तीं उपयोगी पडतील.